अग्निगोल आणि साक्षीचे व्याकरण

१

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी एकमेकांना लागून आहेत. पश्चिमेच्या अंगाला माथेरान, प्रबळगड व इर्शाळगड यांचे डोंगर, पूर्वेस ढाक-राजमाचीपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत उभी असलेली सह्याद्रीची भिंत, आणि मधल्या सखल भागात उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी, अशी येथील भूमीची ठेवण आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथील आकाश ढगांनी झाकलेले असते. दिवाळीनंतर मात्र ते निवळते. मुंबई-पनवेलच्या दिव्यांचा उजेड पश्चिम क्षितिजावर चढत चालला असला, तरी पूर्वेकडील आकाश अजून पुष्कळसे काळोखे आहे. म्हणूनच मुंबईतील आकाशप्रेमी मंडळी हिवाळ्यात नेरळ-वांगणीच्या परिसरात रात्र काढण्यास येतात.

अशा आकाशात एखाद्या रात्री मोठा अग्निगोल दिसला, तर दुसऱ्या दिवशी गावात त्याविषयी जे बोलले जाईल त्यातील तीन वाक्ये उदाहरणादाखल घ्यावीत. पहिले : 'तारा तुटला आणि ढाकच्या मागे पडला.' दुसरे : 'राजमाचीपलीकडे पडला असावा.' तिसरे : 'घाटावर मोठा आवाज झाला म्हणे.' ही तिन्ही वाक्ये शुद्ध, सहज आणि प्रामाणिक मराठी आहेत. तथापि एखाद्या संशोधकाने त्यांच्या आधारे आकाशातून आलेला दगड शोधावयाचे ठरविले, तर पहिले वाक्य त्याला सर्वांत अधिक चुकीच्या वाटेने नेईल. आणि नेमके तेच वाक्य सर्वांत अधिक निःशंक आहे. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम अग्निगोल म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. सूर्याभोवती फिरणारे लहान-मोठे खडक व धुळीचे कण पृथ्वीच्या वातावरणात शिरतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ११ ते ७२ किलोमीटर असतो. या वेगामुळे त्यांच्यासमोरची हवा दाबली जाऊन अतिशय तापते, वस्तूचा पृष्ठभाग वितळून उडू लागतो आणि प्रकाशाची रेषा दिसते. हा प्रकाश म्हणजे उल्का. वाळूच्या कणाएवढ्या वस्तूमुळेही साधी उल्का दिसू शकते. वस्तू मोठी असली व उल्केचे तेज आकाशातील कोणत्याही ग्रहाहून, म्हणजे शुक्राहूनही, अधिक झाले की तिला अग्निगोल म्हणतात. वस्तूचा काही भाग न जळता जमिनीवर पोहोचला, तर त्या दगडाला अशनी ही संज्ञा आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली गोष्ट उंचीची. प्रकाश साधारणतः १०० किलोमीटरच्या आसपास सुरू होतो, आणि ज्या अग्निगोलांतून अशनी खाली येतात तेही बहुधा ४० ते २० किलोमीटर उंचीवर विझतात. त्यानंतर दगडाचा मूळ वेग संपलेला असतो व तो कोणत्याही जड वस्तूप्रमाणे अंधारातून काही मिनिटांत खाली येतो. म्हणजे जेव्हा तो दिसतो तेव्हा तो पडलेला नसतो, आणि जेव्हा पडतो तेव्हा तो दिसत नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. ध्वनीला ४० किलोमीटर अंतर काटावयास सुमारे दोन मिनिटे लागतात. म्हणून गडगडाट ऐकू आलाच, तर तो प्रकाश विझून गेल्यावर येतो.

३

या वस्तुस्थितीशी मराठीतील शब्द ताडून पाहिले असता काही उद्बोधक गोष्टी आढळतात. बोलीत 'तारा तुटला' किंवा 'तारा निखळला' असे म्हणतात. यात तारा हा आकाशाला जडविलेला आहे आणि तो जागचा सुटून खाली येतो, हे चित्र गृहीत आहे. तारा तुटला म्हणजे कोणीतरी गेले, ही समजूत त्याच चित्राला जोडलेली आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त उल्कांचे जे लक्षण दिले आहे तेही याहून फार दूर नाही : स्वर्गातील पुण्यफल भोगून खाली येणाऱ्यांची रूपे म्हणजे उल्का, असे तेथे सांगितले आहे. मात्र वराहमिहिर तेवढ्यावर थांबत नाही. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार तो करतो, आणि ते आकार, लांबी, वर्ण, गती व ध्वनी यांवरून वेगळे काढतो. तारा म्हणजे बारीक तंतूसारखी श्वेत किंवा ताम्रवर्णी रेषा. उल्का म्हणजे मोठ्या डोक्याची, बारीक शेपटीची आणि खाली येताना वाढत जाणारी. अशनी म्हणजे मोठा ध्वनी करीत येऊन भूमी विदारणारी. विद्युत् म्हणजे तटतट असा आवाज करणारी. यात विजेचाही समावेश झाला असावा हे उघड आहे. परंतु नावापूर्वी लक्षण पाहावयाचे, ही पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उल्का हा शब्द ऋग्वेदाइतका जुना असून संस्कृतात त्याचा अर्थ जळते कोलीत किंवा मशाल असाही होतो. अशनी हे मूळचे इंद्राच्या वज्राचे नाव. आधुनिक मराठी परिभाषेने ते दगडाला दिले. मराठीत नित्य वापरला जाणारा 'अस्मान' हा शब्द फारसीतून आला. परंतु त्याचे मूळ आणि संस्कृत 'अश्मन्', म्हणजे दगड, यांचे मूळ एकच आहे. प्राचीन इराणी भाषेत त्या शब्दाचे दगड आणि आकाश असे दोन्ही अर्थ होते. 'अस्मानी-सुलतानी' म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी आकाश आणि दगड असे नकळत एकत्र नांदत आले आहेत.

उल्कापात या शब्दाची गोष्ट निराळी आहे. मराठीत 'त्याने मोठा उल्कापात केला' म्हणजे अनर्थ केला, उत्पात मांडला, असा लाक्षणिक अर्थ रूढ आहे. शिवाय समासातील 'पात' हे पद पडणे ही क्रिया आधीच सांगून टाकते. 'तुटला', 'निखळला', 'पात' यांपैकी कोणताही शब्द वापरला, तरी वाक्य संपण्यापूर्वी वस्तू जमिनीवर पोहोचलेली असते. पाहणाऱ्याने जे पाहिले नाही ते भाषेने त्याच्या पदरात घातलेले असते. त्या मानाने अग्निगोल हा शब्द निर्दोष आहे. तो केवळ दिसलेल्या रूपाचे नाव आहे. त्यात दगडही नाही आणि पडणेही नाही.

४

'ढाकच्या मागे पडला' या विधानाची परीक्षा कर्जत-खालापूरच्या भूमीवरच करता येते. खालापूर हे कर्जतच्या दक्षिण-नैऋत्येस, सरळ रेषेत सुमारे १० किलोमीटरवर आहे. कर्जतच्या माणसाने अग्निगोल पूर्वेस, क्षितिजापासून सुमारे १० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीइतक्या उंचीवर विझताना पाहिला असे समजावे. तो ४० किलोमीटर उंचीवर विझला असेल, तर त्याचे अंतर सुमारे २०० किलोमीटर येते. म्हणजे ढाकच्या मागे नव्हे, तर पुणे व अहिल्यानगर हे दोन जिल्हे ओलांडून बीड जिल्ह्याच्या आकाशात तो विझलेला असतो. अंधारात तेजस्वी वस्तूचे अंतर डोळ्याला कळत नाही. म्हणून डोळा जवळचा डोंगर धरतो आणि ती वस्तू त्याच्या मागे नेऊन ठेवतो.

आता त्याच क्षणी खालापूरच्या माणसाने काय पाहिले असेल? खालापूरहून नेमक्या पूर्वेस राजमाची येते. तो सांगेल, 'राजमाचीच्या मागे.' वरवर पाहता दोन साक्षी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि घाईच्या चौकशीत त्यांपैकी एक खोटी ठरविली जाईल. वस्तुतः दोन्ही खऱ्या आहेत; दोघांनीही पूर्व दिशा सांगितली आहे, केवळ प्रत्येकाने आपापल्या डोंगराचे नाव घेतले आहे. किंबहुना याच विसंगतीतून अंतर काढता येते. वस्तू कर्जतच्या पूर्वेस १५ किलोमीटरवर, डोंगरापलीकडे पडली असती, तर खालापूरच्या माणसाला ती पूर्वेपासून सुमारे २४ अंश उत्तरेकडे दिसली असती. ती २०० किलोमीटरवर असेल, तर हा फरक जेमतेम दोन-अडीच अंशांचा राहतो. म्हणून दोघांनीही पूर्वच दाखविली असेल, तर वस्तू फार दूरची होती एवढे निश्चित होते. अग्निगोल डोक्यावरून, ८० किलोमीटर उंचीवरून गेला, तर कर्जत व खालापूर येथून दिसणाऱ्या त्याच्या मार्गात ताऱ्यांच्या संदर्भाने ७ अंशांपर्यंत, म्हणजे पूर्णचंद्राच्या चौदा बिंबांइतका, फरक पडू शकतो. दोन गावांतील दोन प्रामाणिक वाक्ये एवढे काम करू शकतात. अट एकच की त्या वाक्यांत दिशा टिकून राहिली पाहिजे.

५

आता आरंभीच्या तीन वाक्यांकडे वळावे. 'पडला' हे साधे भूतकाळी रूप आहे. त्यात वक्ता विधानाची पूर्ण जबाबदारी घेतो. 'पडला असावा' यात अनुमान आहे. 'पडला असेल' यातही ते आहे, परंतु किंचित सैल. 'आवाज झाला म्हणे' यात 'म्हणे' हे मूळचे क्रियापद अव्ययासारखे वाक्याच्या शेवटी येऊन बसले आहे, आणि वक्ता सांगतो की हे मी ऐकलेले आहे, त्याची खात्री माझी नव्हे. म्हणजे पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले असे ज्ञानाचे तीन स्रोत दर्शविण्याची सोय मराठीत आहे.

ज्ञानाचा स्रोत व्याकरणातूनच दाखविणाऱ्या भाषांकडे फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली क्वाकिउट्ल भाषेच्या निमित्ताने लक्ष वेधले होते, आणि रोमान याकोबसन यांनी १९५७ साली या प्रकाराला क्रियापदाच्या विकारांत स्वतंत्र स्थान दिले. तुर्कीत 'गेल्दी' म्हणजे तो आला, आणि 'गेल्मिश' म्हणजे तो आला असे कळले. तेथे भूतकाळाचे रूप निवडतानाच हा भेद करावा लागतो. मराठीत मात्र तो ऐच्छिक आहे. 'असावा' आणि 'म्हणे' ही साधने हाताशी असली, तरी न वापरता वाक्य पुरे होते. येथेच मराठी साक्षीचे बळ आणि तिचा धोका या दोहोंचे मूळ आहे.

धोका बोलणाऱ्याकडून जितका संभवतो, त्याहून अधिक तो लिहून घेणाऱ्याकडून संभवतो. ग्रामस्थ 'पडला असावा' म्हणतो, बातमीत 'पडला' होते. म्हातारी 'आवाज झाला म्हणे' सांगते, अहवालात 'ग्रामस्थांनी आवाज ऐकला' असे येते. पुढे शोध निष्फळ ठरला की दोष ग्रामस्थांच्या अज्ञानाला दिला जातो. वास्तविक ग्रामस्थांनी आपल्या ज्ञानाची मर्यादा स्वतःच सांगितलेली असते. ती शिक्षिताच्या लेखणीने पुसलेली असते.

६

साक्ष धुडकावल्याने ज्ञान किती मागे राहते, याला इतिहासात आधार आहे. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत आकाशातून दगड पडतात हे युरोपातील बहुतेक विद्वानांना मान्य नव्हते. ती खेडुतांची कल्पना समजली जाई. क्लाड्नी यांनी १७९४ साली तसे दगड येतात असे प्रतिपादन केले. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ क्राखुत येथे अग्निगोलानंतर दगड पडले. त्याचा वृत्तान्त जॉन लॉइड विल्यम्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविला, आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या रासायनिक पृथक्करणात या भारतीय दगडांचाही समावेश होता. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावी दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा बिओ यांनी गावोगाव हिंडून लोकांचे म्हणणे लिहून घेतले व ते दगडांच्या विखुरण्याशी ताडून पाहिले. त्यानंतर शंकेला फारशी जागा राहिली नाही.

उलट उदाहरणही आहे. १७१९ साली इंग्लंडवरून गेलेल्या अग्निगोलाच्या वेळीच सळसळ ऐकू आली, असे काहींनी सांगितले होते. आवाज प्रकाशाबरोबर येऊ शकत नाही, म्हणून एडमंड हॅली यांनी तो कल्पनेचा खेळ ठरविला. तर्क निर्दोष होता. परंतु अशा साक्षी पुढेही येत राहिल्या. २०१७ साली रिचर्ड स्पाल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचविले की, अग्निगोलाच्या प्रकाशाचे तेज झपाट्याने कमी-अधिक होत असल्यास पाने, केस यांसारख्या वस्तू किंचित तापून-निवून जागच्या जागी मंद आवाज उत्पन्न करू शकतात. तटतट आवाजाची जुनी नोंद करणाऱ्या वराहमिहिरासमोर नेमके काय होते हे सांगणे धाडसाचे होईल. परंतु न समजलेली साक्ष आणि खोटी साक्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे यावरून दिसते.

भारतातच साक्षीचा उत्तम उपयोग झाल्याचे उदाहरण गुजरातेतील धजाला येथील आहे. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री तेथे मोठा अग्निगोल दिसला आणि सुमारे ४५ किलो वजनाचे अशनी मिळाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी दगडांचा अभ्यास तर केलाच. शिवाय प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून अग्निगोलाचा मार्ग आखण्यात आला व त्यावरून त्या वस्तूची सूर्याभोवतीची पूर्वीची कक्षा काढण्यात आली. म्हणजे खेड्यातील माणसाने 'इकडून तिकडे गेला' म्हणून दाखविलेला हात अवकाशातील कक्षेपर्यंत पोहोचला. महाराष्ट्रात २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोल येथे भर दुपारी अशनी पडले. लोकांनी आवाज ऐकले आणि दगड लगेच हाती आले; म्हणूनच त्यांचा पुढे सूक्ष्म अभ्यास होऊ शकला व पृथ्वीच्या खोल आवरणातील मुख्य मानले जाणारे ब्रिजमनाइट हे खनिज त्यांत आढळले.

७

शब्द आधी आणि निरीक्षण मागून आले म्हणजे काय होते, याचे अलीकडील उदाहरण २ एप्रिल २०२२ चे आहे. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी आठच्या सुमारास नागपूरसह महाराष्ट्राच्या अनेक भागांत आणि मध्य प्रदेशातील झाबुआ, बडवानी या भागांत तेजस्वी गोळ्यांची रांग आकाश ओलांडताना दिसली. प्रारंभीच्या बातम्यांत उल्कापात, उल्कावर्षाव हेच शब्द होते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे सापडले आणि नंतर परिसरातील गावांतून धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३-बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात परतून जळाला, हे त्याचे स्पष्टीकरण पुढे आले.

हा भेद ओळखण्यास दुर्बिणीची गरज नव्हती. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू वातावरणात शिरताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. तो कोणत्याही उल्केच्या वेगाहून कमी आहे. शिवाय ती जवळजवळ आडवी येते. त्यामुळे अग्निगोल बहुधा काही सेकंदांत संपतो, तर असे अवशेष संथपणे, तुकड्यांची समांतर रांग धरून, पुष्कळ वेळ सरकताना दिसतात. त्या संध्याकाळी 'पडला' ऐवजी 'सावकाश आडवा गेला' हे शब्द नोंदले गेले असते, तर उत्तर त्या शब्दांतच होते. लाडबोरीत मात्र 'पडले' हे क्रियापद अक्षरशः खरे होते, कारण तेथे वस्तू जमिनीवर समोर होती. एकच क्रियापद एका ठिकाणी निरीक्षण असते आणि दुसऱ्या ठिकाणी समजूत. त्यांतील फरक शब्दकोशात सापडत नाही, तो वक्ता कोठे उभा होता यावर अवलंबून असतो.

८

या विवेचनातून साक्ष घेण्याची एक साधी रीत निष्पन्न होते. साक्षीदाराला प्रथम 'काय पडले?' असे विचारू नये, कारण प्रश्नातच उत्तर दिले जाते. तो जेथे उभा होता त्याच जागी त्याला नेऊन 'कोठे दिसू लागले, कोठे विझले' हे हाताने दाखवावयास सांगावे, आणि दिशा व उंची मोजून घ्यावी. किती वेळ दिसले, हे त्याच्याकडून तेवढा वेळ मनात मोजवून ठरवावे. रंग, तुकडे होणे, मागे राहिलेला धूर यांची नोंद करावी. आवाज प्रकाशाबरोबर आला की नंतर, आणि नंतर आला असल्यास किती वेळाने, हे वेगळे लिहावे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी समाजांच्या बोली बोलल्या जातात. तेथील साक्ष प्रथम त्या बोलीतच, बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्यावी. प्रमाण मराठीतील रूपांतर तिच्या खाली द्यावे, तिच्या जागी नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'असावा', 'असेल', 'वाटते' आणि 'म्हणे' यांपैकी एकही शब्द गाळू नये.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम खगोलशास्त्राचे वाटण्याचा संभव आहे. परंतु अग्निगोल काही सेकंदांत नाहीसा होतो, आणि त्या क्षणी तेथे कॅमेरा नसेल तर मागे केवळ वाक्ये उरतात. त्या वाक्यांवरून दगड सापडतो किंवा कायमचा हरवतो. कर्जतच्या माणसाचा ढाक आणि खालापूरच्या माणसाची राजमाची या दोन्ही नोंदी जशाच्या तशा शेजारी-शेजारी ठेवणारा लेखनिक मिळाला, तर त्यांतून बीडच्या आकाशाचा पत्ता लागू शकतो.